मांजराच्या नावावरचा वास

लॉन्ड्रीत तिला सगळे नाकाडी म्हणत. नाक दिसायला बेताचंच होतं, नकटंच म्हणा ना, पण कामाचं होतं. दोन दवाखान्यांच्या आणि चार-सहा हॉटेलांच्या मळक्या चादरी रोज पोत्यांतून यायच्या, सिमेंटच्या लांब ओट्यावर ओतल्या जायच्या आणि नाकाडी त्यांची निवड करायची. रक्ताची चादर गार पाण्यात, तेलकट असेल ती गरम पाण्यात सोडा घालून, ओकारीची वेगळी, औषध सांडलेली वेगळी. वाळलेलं रक्त आणि वाळलेला चहा दिसायला सख्खे भाऊ. पण रक्त एकदा गरम पाण्यात गेलं की तो डाग चादरीबरोबरच म्हातारा होतो. म्हणून त्या ओट्यावर डोळ्यांपेक्षा नाकाला मान. नाकाडी कापड नाकाशी न्यायची, म्हणायची, "चहा," आणि मुकादमबाई तिच्या शब्दावर मशीनचं बटण दाबायची. पुन्हा बघायचीसुद्धा नाही.

किळस म्हणजे काय ते नाकाडीला ठाऊक नव्हतं. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते ते तिने दोन्ही हातांनी उचललेलं होतं. नवी पोरगी कामाला आली की पहिल्या दिवशी हमखास ओकायची. नाकाडी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "ओक बाई, ओक. धुवायची सोय इथे आहेच."

अशी ही बाई. आणि तिला शिसारी आली ती कुणाची, तर स्वतःची.

झालं असं की दुसरं बाळंतपण अवघड गेलं. पोरगी डोक्याने मोठी आणि स्वभावाने हट्टी, बाहेर यायलाच तयार नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावून ओढून काढली. टाके पडले, टाके भरले, सुट्टी संपली, नाकाडी पुन्हा ओट्याशी उभी राहिली. बाकी सगळं जागच्या जागी आलं, एक तेवढं सोडून. शिंकली की थेंब. खोकली की थेंब. पोतं ओढलं की थेंब कसला, चमचाभर. इस्त्रीवाली मावशी काही तरी चावट बोलायची आणि सगळ्याजणी खिदळायच्या, तेव्हा नाकाडी मांड्या आवळून भिंतीकडे बघत उभी. हसणंच सोडलं तिने. लोकांना वाटलं, पोरीची आई झाल्यावर शहाणी झाली.

तिने कापडाच्या घड्या वापरल्या. दुपारपर्यंत घडी ओली व्हायची, मग गार पडायची आणि मांडीला चिकटायची, गोगलगाय चिकटावी तशी. कडांनी जांघा सोलून निघायच्या. वास येऊ नये म्हणून तिने पाणी पिणं तोडलं. त्याने उलटंच झालं, जे काही यायचं ते पिवळंजर्द आणि झोंबणारं. मग तिला वाटलं, आपण रोज एवढे डाग काढतो, हा काय मोठा. तिने लॉन्ड्रीतला सोडा पुडीत बांधून घरी नेला आणि न्हाणीघरात स्वतःला चादरीसारखं धुतलं. त्यानंतर तिला चालताना पाय फाकून चालावं लागलं. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "चप्पल चावली."

नवरा बसचा ड्रायव्हर, बोलायला मऊ. पण त्याचंही नाक होतंच. एकदा चादर झटकून म्हणाला, "अगं, पोरगी आपल्या गादीवर झोपवतेस का? वास येतोय." नाकाडी म्हणाली, "हो, झोपवते." आणि तान्ह्या पोरीच्या माथी पहिलं खोटं मारलं.

दुसरं खोटं मारलं ते मांजराच्या माथी.

लॉन्ड्रीत एक करड्या रंगाचा, कान फाटलेला बोका होता. सगळ्यात गरम टॉवेलांच्या थप्पीवर तो दिवसभर पसरायचा, काही करायचा नाही आणि सगळ्यांकडे नाराजीने बघायचा, म्हणून त्याचं नाव मॅनेजर. एके दिवशी चहाच्या वेळी सगळ्या ओट्याभोवती जमल्या होत्या आणि इस्त्रीवाली मावशी कप खाली ठेवून हुंगायला लागली.

"कसला गं वास हा? चादरींचा नाही. ताजा आहे."

"मघापासून येतोय," मुकादमबाई म्हणाली. "मला वाटलं मोरी तुंबली. नाकाडे, बघ बाई जरा."

अर्थातच नाकाडीला सांगणार, दुसऱ्या कुणाला. ती उठली. उठताना आणखी थोडं झालं. सगळ्यांसमोर तिने ओट्याची एक कड हुंगली, दुसरी हुंगली, खाली वाकून पोती हुंगली. काय हुंगायचं होतं तिला, वास तर तिच्याबरोबर फिरत होता. फिरून आली आणि म्हणाली, "बोक्याने घाण केलीय."

"मॅनेजरने?" मावशी म्हणाली. "तो तर बाहेर जातो गं."

"म्हातारा झाला आता," नाकाडी म्हणाली.

तिच्या शब्दावर मशीनं चालायची, तिथे एका बोक्याची काय कथा. संध्याकाळी टेम्पोवाल्याने मॅनेजरला पोत्यात घातलं आणि पुलापलीकडे मासळीबाजाराजवळ सोडून आला. पोत्यातून त्याचं ओरडणं येत होतं तेव्हा नाकाडी उशांचे अभ्रे मोजत होती. मोजत होती म्हणजे नुसते इकडचे तिकडे ठेवत होती.

आता वास तरी जायला हवा होता ना. नाकाडीने डांबरगोळ्या आणल्या आणि कापडात बांधून कमरेला खोचल्या. वास थोडा दबला खरा. पण दिवसभर तिला डांबरगोळ्यांपलीकडे काही कळेना. चादर नाकाशी न्यावी तर डांबरगोळी, जेवणाचा डबा उघडावा तर डांबरगोळी. आणि व्हायचं तेच झालं. दवाखान्यातून अभ्र्यांचा मोठा गठ्ठा आला, तिने हुंगला, काही कळलं नाही, तरी सवयीने म्हणाली, "चहा." मुकादमबाईने गरम पाणी सोडलं. बाहेर आले ते अभ्रे तपकिरी डागांचे, कायमचे. दवाखान्याने सगळा गठ्ठा परत पाठवला.

मुकादमबाई ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "बोका गेला, वास काही गेला नाही. आणि आता हे. तुझं नाक गेलं गं बाळंतपणात. होतं कुणाकुणाचं. उद्यापासून मशीनला लाग. ओट्यावर दुसरी कुणी बघते."

नाकाडीच्या तोंडावर आलं होतं की नाक शाबूत आहे. पण मग वास कुणाचा ते सांगावं लागलं असतं. ती मशीनला गेली.

मशीनचं काम म्हणजे ओल्या चादरींचे पिळे बाहेर ओढायचे आणि चौघीजणींनी मिळून ट्रॉलीत टाकायचे. गारगार, मढ्यासारखे जड. तिथली रीत जुनी होती. चौघीजणी वाकायच्या, छाती भरून श्वास कोंडायच्या, मुकादमबाई म्हणायची, "हुप्प!" आणि पोट कडक करून, गाल फुगवून, चौघी एकदम उचलायच्या. मोठमोठ्या बायकांचे चेहरे लाल टोमॅटो. प्रत्येक हुप्पला नाकाडीचं खाली सुटायचं. चमचा गेला, वाटी आली. त्यात आता खाली काही तरी उतरल्यासारखं जड वाटायला लागलं, जणू अंगातलंच काही निसटून पडेल आणि तेही ट्रॉलीत टाकावं लागेल. ती घरी यायची आणि मोरीत बसून स्वतःची घडी पिळायची. दिवसभर साऱ्या गावाची घाण उजेडात धुतली जाते, आणि आपली मात्र दाराला कडी घालून. तिला ओकारी येईलसं वाटायचं. एकदा आलीही.

सुट्टीच्या दिवशी सासूबाईंची गादी उन्हात टाकायची म्हणून तिने उचलली, तर खाली प्लास्टिक. जुनं, पिवळं पडलेलं, चिरा गेलेलं, त्याच्या घड्यांत कसले कसले पापुद्रे. वास नाकाडीला लगेच कळला. तोच. फक्त वर्षानुवर्षं मुरलेला.

"आई, हे काय?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. लाजल्या नाहीत, उलट मान ताठ केली. "काय म्हणजे? बायकांना होतंच. मला तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून आहे. कुणाला कळू दिलं का मी? घरात पंधरा माणसं होती तेव्हासुद्धा कळलं नाही."

"तुम्ही बहिणीकडे जात नाही ते गुडघ्यांमुळे ना?"

"गुडघे चांगले आहेत माझे," सासूबाई म्हणाल्या. "तिचं घर बसने दीड तास."

नाकाडी त्या प्लास्टिककडे बघत राहिली. एक बहीण जिवंत असून हिने तोंड बघितलं नाही, आणि वर अभिमान कसला तर कळू दिलं नाही याचा. तिला सासूबाईंची किळस आली, मग स्वतःची आली, कारण तीही तेच करत होती. हिने गुडघ्यांवर ढकललं, आपण बोक्यावर. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी आपल्याही सुनेच्या हाताला असंच प्लास्टिक लागणार. आणि ओटा तर गेलाच.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासून व्यायामवाल्या बाईकडे पाठवलं. ही पोरगेलीशी, गोरीघारी, बोलताना सारखी हसणारी. भिंतीवर कमरेच्या हाडांचं चित्र. म्हणाली, "हे बघा मावशी, खाली एक झोळी असते स्नायूंची. बाळंतपणात ती सैल पडते. लघवी आणि वारा दोन्ही अडवतो ना आपण, तसं आवळायचं आणि आत वर ओढायचं. जशी लिफ्ट वर जाते. थोडा वेळ धरायचं, मग पूर्ण सोडायचं."

नाकाडी काही लिफ्टच्या इमारतीत राहणारी नव्हती, पण आवळणं तिला कळलं. किंवा तिला वाटलं की कळलं. मावशी म्हटलेलं मात्र तिला आवडलं नाही.

तिने मनापासून केलं. बसस्टॉपवर केलं, भाजी चिरताना केलं, पोरीला पाजताना केलं. आणि दिवसेंदिवस जास्तच व्हायला लागलं. वाटीचा तांब्या होण्याची वेळ आली. महिना गेला आणि नाकाडीचं डोकं फिरलं. एवढी लाज गिळून गेले, त्या बयेने हसून हसून लिफ्ट सांगितली, आणि लिफ्ट तळघरात. तिने ठरवलं की जाऊन तिला चार शब्द सुनवायचे.

गेली आणि दारातूनच सुरू झाली. "तुमच्या व्यायामाने माझं होतं ते पण गेलं."

व्यायामवाली बाई हसायची थांबली. "पडा इथे. मला बघू द्या, कसं करता ते."

"बघू द्या म्हणजे?"

"हातमोजा घालून बोट आत ठेवते. तुम्ही आवळा, मला कळेल. नको असेल तर नाही करायचं."

नाकाडीने आढ्याकडे बघितलं. मनात म्हणाली, सगळ्या जगाच्या चादरी हुंगल्या, आता हेही बघू. म्हणाली, "घाला."

"हं, आवळा आता."

नाकाडीने छाती भरून श्वास घेतला, कोंडला, गाल फुगवले, पोट दगडासारखं केलं आणि सगळा जोर लावला.

"थांबा, थांबा," बाई म्हणाली. "अहो, तुम्ही मला बाहेर ढकलताय."

"आवळतेय मी."

"नाही. जोर लावताय. सगळा दाब खाली येतोय. वर ओढायचं ते राहिलंच, उलट खाली लोटताय. महिनाभर हेच केलंत?"

"दिवसातून दहा वेळा," नाकाडी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बारीक झाला.

"काम काय करता तुम्ही?"

नाकाडीने सांगितलं. बाईने कोपऱ्यातली जड पिशवी दाखवली. "उचला बघू, कामावर उचलता तशी." नाकाडी उठली, लुगडं-बिगडं सावरलं, वाकली, श्वास कोंडला आणि तिच्या तोंडून आपोआप आलं, "हुप्प!"

बाई म्हणाली, "सापडलं."

नाकाडीलाही सापडलं, पण तिला ते गिळायला वेळ लागला. इतकी वर्षं जोर म्हणजे हुप्प, दुसरा जोर तिला माहीतच नव्हता. आवळ म्हटलं तरी अंगाने हुप्पच केलं. महिनाभर बसस्टॉपवर, भाजी चिरताना, पोरीला पाजताना ती ओल्या चादरी उचलत होती, आणि स्वतःच्या झोळीवर टाकत होती.

मग शिकवणी लागली. श्वास सोडत सोडत आवळायचं. पोट मऊ, गाल मऊ, मांड्या मऊ, फक्त आतलं वर. नाकाडी म्हणाली, "काहीच होत नाही." बाई म्हणाली, "होतंय, मला कळतंय. तुम्हाला दमायची सवय आहे, म्हणून वाटत नाही." शिंक आली तर आधी आवळायचं, मग शिंकायचं. ओझं उचलताना आधी आवळायचं, मग फूऽ करून उचलायचं, आणि जमेल तेवढे दिवस कमी ओझं उचलायचं. पाणी नीट प्यायचं, नाही तर लघवी झोंबते आणि आणखी घाई होते. सोड्याचं ऐकल्यावर त्या बाईने डोक्याला हात लावला. म्हणाली, "साध्या पाण्याने धुवा, मावशी. तुम्ही चादर नाही."

"मावशी म्हणू नका," नाकाडी म्हणाली. "वयाने तुमच्याएवढीच असेन."

लगेच काही झालं नाही. पहिला पंधरवडा तर ती हसऱ्या बाईला रोज शिव्या घालत होती. मग एके दिवशी ती शिंकली आणि काहीच झालं नाही. तिला खरं वाटेना, म्हणून नाकात दोरा घालून पुन्हा शिंकून बघितलं. मग हळूहळू वाटीचा चमचा झाला, चमच्याचे थेंब, आणि काही दिवस थेंबही नाही. डांबरगोळ्या तिने मोरीत फेकल्या. नाक उघडल्यावर पहिल्यांदा काय कळलं तर लॉन्ड्रीच्या मोरीचा खरा वास. तो भयंकर होता, तरी तिने दोनदा घेतला.

पण मशीनवर भानगड झाली. मुकादमबाई म्हणायची, "हुप्प," तिघी श्वास कोंडायच्या आणि नाकाडी, "फूऽ." तिची वेळ मागे पडायची, पिळा तिरका व्हायचा, एकदा तर सगळा ओला गठ्ठा शेजारून जाणाऱ्या इस्त्रीवाल्या मावशीच्या पायांवर आला.

"हे फूफू काय चाललंय?" मुकादमबाई म्हणाली. "चूल फुंकतेस का?"

सगळ्या हसल्या. नाकाडीही हसली असती, आता हसता येत होतं. पण तिने ट्रॉलीची दांडी धरली. इथे तिसरं खोटं लागणार होतं. छातीत कळ येते म्हणावं, दमा म्हणावं, काहीही. तीही सोय होती. पण म्हणजे मशीनवरच मरायचं, आणि ओटा कायमचा दुसरीचा.

"माझं मूत सुटत होतं," ती म्हणाली. "पोरगी झाल्यापासून. श्वास कोंडला की जास्त. म्हणून फू करते."

पाणी तेवढं गळत होतं ट्रॉलीतून.

"ओट्याशी वास होता तो माझा. बोक्याचा नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. आणि वास लपवायला डांबरगोळ्या लावल्या म्हणून ते अभ्रे चुकले. नाक कुठे गेलं नाही. नाक बरोबर होतं, तोंड खोटं बोललं."

एक नवी पोरगी म्हणाली, "ईऽ," आणि दोन पावलं मागे सरली. मावशीने तिच्याकडे बघितलं. "ई काय गं? सकाळपासून कुणाच्या हगवणीत कोपरापर्यंत हात घालून उभी आहेस ती?" मग नाकाडीकडे वळून म्हणाली, "आणि तू. मी तेव्हाच म्हटलं होतं, तो बाहेर जातो म्हणून."

"म्हटलं होतंत."

"कधी दूध घातलं मी त्याला, तर बशी चाटून पुसून ठेवायचा," मावशी म्हणाली आणि इस्त्रीकडे निघून गेली. त्या दिवशी ती नाकाडीशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जिन्याखाली गाठून तिने हळूच विचारलं, "ती व्यायामवाली बाई माझ्या वयाच्यांना घेते का गं?" नाकाडी म्हणाली, "घेते. मावशी म्हणेल, तेवढं चालवून घ्या."

घरी सासूबाई मात्र ऐकेनात. "छी, मी नाही कुणाला बोट घालू देणार." मग नाकाडीने आवळणं कसं ते नुसतं सांगितलं. परवा बहिणीचा फोन आला तेव्हा सासूबाई खुर्चीत ताठ बसून बोलत होत्या, गाल फुगलेले, चेहरा लाल. नाकाडी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आई, श्वास सोडा."

मुकादमबाईने मात्र ओट्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकच केलं, टेम्पोवाल्याला मासळीबाजारात पाठवलं. तिसऱ्या खेपेला तो पोतं घेऊन आला आणि त्याने ओट्यावर पोत्याचं तोंड सोडलं. करडा बोका बाहेर आला, तसाच गलेलठ्ठ, तसाच नाराज. सगळ्याजणी जमल्या. "आला गं मॅनेजर आला," करत नवी पोरगी टॉवेल पसरायला धावली. टेम्पोवाला कपाळ पुसत म्हणाला, "ओळखीचं बघा कसं लगेच बसलं."

मुकादमबाईने नाकाडीकडे बघितलं.

आता हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं गेलं मिटलं, मावशी बोलायला लागली होतीच, आता डोळ्यांत बघूनही बोलली असती. नाकाडी पुढे झाली. बोक्याच्या मानेशी वाकली. आतलं अलगद वर ओढलं, श्वास सोडला, आणि मग हुंगलं. मासळी, डिझेल, कुठल्या तरी परक्या घरची राख. साबणाचा, उबदार टॉवेलांचा मागमूस नाही.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"अगं, दिसतोय की तोच," टेम्पोवाला म्हणाला. "कानसुद्धा तसाच फाटलाय."

"दिसतोय. पण नाही. आपला गेला." तो कुठे, कुणाच्या चाकाखाली गेला असेल, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते तिनेच केलं होतं. ते धुवायची सोय तिथे कुठल्याच मशीनमध्ये नव्हती.

मुकादमबाईने बोक्याकडे परत बघितलंसुद्धा नाही. टेम्पोवाल्याला म्हणाली, "नाकाडी नाही म्हणते ना, मग नाही. याला असू दे, उंदीर झालेत. आणि उद्या परत जाऊन बघ." मग पायाने एक मळकं पोतं ओट्याकडे सरकवलं आणि नाकाडीला म्हणाली, "हे दवाखान्याचं आहे. उभी काय राहिलीस."

नाकाडीने पोत्याची गाठ सोडली.